शिरगुप्प्यांच्या दुकानातली तीन घड्याळं

पद्मजाने पहिलं घड्याळ हातात घेतलं आणि आधी त्याचा पट्टा नाकाजवळ नेला. मग काचेवर नखाने टकटक केलं, कडेची बटणं अंगठ्याने मोजली, पट्ट्याची पिन ओढून पाहिली आणि घड्याळ काउंटरवर ठेवत म्हणाली, "हे दणकट आहे. पण मुकं आहे, हो ना?"

शिरगुप्पे म्हणाले, हो, हे बोलत नाही. नुसतं दाखवतं.

सांगलीत विश्रामबागेत त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. पुढे सायकली, मागे बूट आणि डाव्या हाताला घड्याळांचं काचेचं कपाट. पन्नाशी ओलांडलेला माणूस, स्वतः रोज सायकलवरून मिरजेला जाऊन येणारा. गिऱ्हाइकाला घाई करायची नाही ही त्यांची रीत होती. २०१७ सालचा ऑक्टोबर होता. दुपारची वेळ, दुकानात आम्ही तिघंच. माझ्यापुढे एक वही उघडी होती आणि तिच्यात पद्मजाने सांगितलेले तीन रकाने मी आखले होते: किंमत, टिकाऊपणा, सॉफ्टवेअर.

पद्मजा बिरनाळे माझी जुनी विद्यार्थिनी. मी मुलींच्या शाळेत चोवीस वर्षं खेळाची शिक्षिका होते. ती आठवी-नववीत असताना आठशे मीटर पळायची, जिल्ह्यात दुसरी आली होती. कॉलेजात गेल्यावर तिची नजर कडेकडेने जायला लागली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि तसंच झालं. पंचविसाव्या वर्षी तिला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता. तोवर ती बँकेत लागली होती. तिचा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं तिला वाचून दाखवायचा, आणि तो इतक्या भरभर बोलायचा की शेजारच्यांना एक शब्द कळायचा नाही.

मी नोकरी सोडली त्या वर्षी तिचा फोन आला. म्हणाली, "बाई, मला परत पळायचंय. पण धरायला कोणी नाही." तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती, मी एकोणपन्नास. मी दुसऱ्याच दिवशी गेले.

आमची पद्धत साधी होती. हातभर लांबीची एक सुती दोरी, दोन्ही टोकांना फास. एक तिच्या उजव्या हातात, एक माझ्या डाव्या हातात. आठवड्यातून चार दिवस, पहाटे साडेपाच. मी बोलत राहायची: गतिरोधक आला, खड्डा आहे, कुत्रं बसलंय, वळतोय. आणि दर किलोमीटरला माझ्या मनगटावर बघून वेळ सांगायची. ती ऐकायची आणि पळायची. आधी आम्ही गावातल्या रस्त्यावर पळायचो. जूनमध्ये तिथे खोदकाम निघालं, म्हणून कुपवाडच्या बाजूला औद्योगिक वसाहतीच्या मागे झालेल्या नव्या रस्त्यावर जायला लागलो. सरळ, गुळगुळीत, वर्दळ नसलेला रस्ता होता तो. पाच किलोमीटर जायचं, पाच यायचं.

गणपतीच्या सुमाराला माझं जुनं घड्याळ बंद पडलं. मधले काही आठवडे मी रस्त्यावरच्या खुणांवरून अंतर सांगत होते. डिसेंबरात कोल्हापुरात एकवीस किलोमीटरची शर्यत होती. पुण्यातली एक संस्था त्या शर्यतीतून दृष्टिहीन बायकांमधल्या सहा जणी निवडून दिल्लीला नेणार होती. अट होती सव्वादोन तासांच्या आत पोचायची. म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास. तेव्हा नीट घड्याळ हवंच, असं पद्मजाने ठरवलं. निम्मे पैसे ती घालणार होती. मी नको म्हटल्यावर म्हणाली, घड्याळ तुमच्या हातावर असलं तरी पळते मीच की.

तर दुकानात तीन घड्याळं होती. पहिलं नऊ हजारांचं, काळं, जाड, मुकं. दुसरं अठरा हजारांचं. ते फोनला जोडलं की दर किलोमीटरला कानातल्या यंत्रात वेळ सांगायचं. तिसरं एकतीस हजारांचं. ते स्वतःच बोलायचं. त्याच्या काचेवर बोट फिरवलं की जिथे बोट तिथलं वाचून दाखवायचं, आणि पळताना मोठ्याने अंतर आणि वेळ सांगायचं.

पद्मजाचं मन तिसऱ्यावर होतं. तिने त्याची माहिती घरी ऐकून ठेवली होती. ते हातात घेऊन तिने काचेवर बोट फिरवलं आणि आतून आवाज आला तेव्हा ती हसली. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "बाई, हल्ली तुम्हाला बोलताना धाप लागते. आकडे हे सांगेल. तुमचा तेवढा श्वास वाचेल."

मी वहीत किंमत लिहीत होते. लिहून झाल्यावर मी एकेक मुद्दा सांगायला घेतला. तिसऱ्याची बॅटरी दीड दिवसच चालते, विसरलं तर सकाळी बंद. त्याची काच मोठी आणि पातळ, आपण दोघी एकदा तरी धडपडतोच. ते इंग्रजीत बोलतं आणि वाऱ्यात त्याचा आवाज ऐकू येत नाही. दर तीन-चार महिन्यांनी सॉफ्टवेअर बदलतं, की सगळं पुन्हा शिकायचं. पद्मजा म्हणाली, बँकेतलंही बदलतं, आठ दिवसांत सवय होते. मी म्हटलं, बँकेत मागून ट्रक येत नाही.

शिरगुप्पे मध्ये म्हणाले, मग मधलं बघा, ते काही वाईट नाही. मी सांगितलं की कानात काही घालून तिला पळू देणार नाही. तिला रस्ता ऐकू यायला हवा, मी ऐकू यायला हवी. हे त्यांनाही पटलं. पहिल्याबद्दल मी म्हटलं, पाण्यात चालतं, पडलं तरी फुटत नाही, बॅटरी दोन आठवडे. सॉफ्टवेअरच्या रकान्यात मी 'साधं' असा एकच शब्द लिहिला.

त्या दुपारी मी बोलले त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

पद्मजाने तिसऱ्याचा पट्टा पुन्हा एकदा बोटांनी चाचपला. तिसरं घड्याळ तिच्या मुठीत होतं. मग तिने ते काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "बाई म्हणतात तर पहिलंच द्या."

घड्याळ चालू करायला ते एकदा फोनला जोडावं लागतं, असं शिरगुप्प्यांनी सांगितलं. माझा फोन जुना, बटणांचा. पद्मजाने तिचा पुढे केला. पळताना तो कमरेच्या पिशवीत असायचाच, आईचा आग्रह म्हणून. शिरगुप्प्यांनी पाच मिनिटं काहीतरी केलं, घड्याळात वेळ लागली, मी ते हातावर चढवलं. वेळ लावण्यापुरताच फोन लागतो, अशी माझी समजूत झाली. मी विचारलंही नाही.

पुढचे तीन आठवडे आम्ही नेहमीसारख्या पळत होतो. पद्मजा जरा कमी बोलायची, पण शर्यत जवळ आली की ती तशीच व्हायची. एकदा तिने विचारलं, आपण वळतो ती जागा तीच आहे ना? मी म्हटलं, तीच. एका गुरुवारी ती म्हणाली की घड्याळाच्या पट्ट्याची पिन सैल वाटते, द्या, मी दुकानात दाखवून आणते. मी काढून दिलं.

शनिवारी दुपारी शिरगुप्प्यांचा फोन आला. घड्याळाबद्दल बोलायचंय, जमलं तर येऊन जा, म्हणाले.

मी गेले तेव्हा पद्मजा आधीच येऊन स्टुलावर बसली होती. घडी घातलेली काठी मांडीवर, फोन हातात. माझी पावलं ओळखून म्हणाली, तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून मी सांगितलं नव्हतं, पण घड्याळात खोट आहे.

काय झालं होतं ते तिने सांगितलं. पळणं झालं की ते घड्याळ आपल्या आपण सगळा हिशेब तिच्या फोनवर धाडत होतं, आणि फोन तो तिला वाचून दाखवत होता. पहिल्या दिवसापासून. तिने तिथल्या तिथे मला ऐकवलं. फोनचा सपाट इंग्रजी आवाज बोलायला लागला: नाइन पॉइंट झीरो फोर किलोमीटर्स, सिक्स्टी थ्री मिनिट्स. मग पुढचं. एट पॉइंट नाइन एट. मग पुढचं. अकरा दिवसांच्या अकरा नोंदी.

"वेळ बरोबर आहे, मी फोनवरून ताडून पाहिली," ती म्हणाली. "अंतर चुकतंय. दर खेपेला एक किलोमीटर खातंय, बाई. नेमका एक."

शिरगुप्प्यांचा चेहरा अवघडल्यासारखा झाला होता. ते म्हणाले, मी हे घड्याळ बांधून काल स्टेडियमच्या मैदानावर दहा फेऱ्या चाललो. चारशेची फेरी, म्हणजे चार किलोमीटर. घड्याळाने चार पूर्णांक तीन शतांश दाखवलं. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "मॅडम, तो रस्ता कधी मोजलाय का तुम्ही?"

मी काही म्हणायच्या आत पद्मजा बोलली. आवाज न चढवता, पण अगदी ठामपणे. "शिरगुप्पे काका, बाईंनी शाळेत कुणाला सेकंदाचा दहावा भाग सोडला नाही. मी जिल्ह्याला दुसरी आले तेव्हा सगळे म्हणत होते बरोबरीत आली. बाईंनीच सांगितलं, नाही, दुसरी. त्या मोजण्यात चुकायच्या नाहीत. तुम्ही हे कंपनीला परत पाठवा."

शिरगुप्पे म्हणाले, कंपनी मानणार नाही, तपासून तसंच परत धाडेल. पण तुमच्यासाठी मी माझ्याकडचं दुसरं बदलून देतो, माझं मी बघून घेईन. ते वळले आणि त्यांनी कपाटातून नवा खोका काढलाही. त्यावरचं प्लॅस्टिक फाडायला त्यांनी कात्री उचलली.

"राहू द्या," मी म्हणाले. "घड्याळ बरोबर आहे."

शिरगुप्पे थांबले. पद्मजाने मान माझ्याकडे वळवली.

जूनमध्ये माझा उजवा गुडघा गेला होता. डॉक्टर म्हणाले, पळणं बंद करा. मी घरी कुणाला सांगितलं नाही. यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन दिवसभर टीव्हीसमोर असायचे, मुलगी हैदराबादला. सकाळचा तो एक तास सोडला तर दिवसभरात माझी कुणाला गरज लागत नव्हती. मी गोळी घेऊन पळत राहिले, पण वेग पडला. किलोमीटरला सात मिनिटं व्हायला लागली. पद्मजाला एकूण वेळ फोनवरून कळायची, तिथे काही करता येत नव्हतं. म्हणून मी अंतर कमी केलं. गावातल्या रस्त्यावर तिला प्रत्येक गतिरोधक आणि बेकरीचा वास पाठ होता. नव्या रस्त्यावर काहीच नव्हतं. तिथे मी पाचाऐवजी साडेचार किलोमीटरवर वळायची आणि दर टप्प्याला थोडं आधीच 'एक झाला', 'दोन झाले' म्हणायची. नऊ किलोमीटरला त्रेसष्ट मिनिटं लागत होती. ती मी दहाची म्हणून सांगत होते.

हे सगळं मी तेव्हा दुकानात इतकं नीट सांगितलं नाही. तुटक तुटक सांगितलं असेल. शिरगुप्पे कात्री घेऊन मागच्या खोलीत निघून गेले.

"कधीपासून?" पद्मजाने विचारलं.

"जूनपासून."

"खोदकाम?"

"ते पंधरा दिवसांत संपलं होतं."

तिने काठीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. मग म्हणाली, "मी पुण्याला तेच आकडे लिहून पाठवलेत. सरावाचा तक्ता मागितला होता त्यांनी. खाली माझी सही आहे."

मला हे माहीत नव्हतं. मी म्हणाले, गुडघ्यामुळे झालं.

"गुडघ्याचं मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुमचं उजवं पाऊल वेगळं पडतंय, हे मला जूनपासून ऐकू येतंय. तुम्ही सांगाल म्हणून मी वाट बघत होते. सांगितलं का नाही?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "तू दुसरी कुणीतरी शोधली असतीस."

"हो," पद्मजा म्हणाली. "शोधली असती."

त्यात राग नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं तिने ते दिलं. मग ती उठली. मी हात पुढे केला, पण तिने काठीने दाराची चौकट शोधली आणि शिरगुप्प्यांना हाक मारून रिक्षा बोलवायला सांगितली. रिक्षा येईपर्यंत आम्ही दोघी पायरीवर उभ्या होतो. ती म्हणाली, ऊन आहे, तुम्ही आत थांबा. मी थांबले.

पाच दिवस काहीच नाही. मी पहाटे साडेपाचला उठून बसायची, एवढंच. सहाव्या दिवशी तिचा फोन आला. पुण्याला नवा तक्ता पाठवला, म्हणाली, खरे आकडे घालून, आणि आधीचे का चुकले ते लिहून. माझं नाव लिहिलं का, हे मी विचारलं नाही. मग म्हणाली, शर्यतीला सहा आठवडे आहेत. मला एक पळणारी हवी. या गावात कोण नीट पळतं ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत असणार?

मी सविता ढवळेला विचारलं. तीही माझीच विद्यार्थिनी, पद्मजाच्या मागे तीन वर्षं, आता पोलिसात. किलोमीटर पावणेसहा मिनिटांत सहज काढायची. तिने लगेच होकार दिला, फक्त म्हणाली, मला हे धरून पळणं येत नाही, तुम्ही शिकवा.

त्या डिसेंबरात पद्मजा आणि सविता दोन तास सतरा मिनिटांत आल्या. निवड झाली नाही. पुढच्या वर्षी दोन तास नऊ मिनिटं, आणि ती दिल्लीला गेली. नंतर आणखी दोनदा गेली. सविताची बदली झाली तेव्हा पद्मजाने स्वतःच दोघीजणी शोधून तयार केल्या. माझ्याशी ती आजही नीट बोलते. दिवाळीला फोन करते, गुडघ्याचं विचारते. आठ वर्षांत आम्ही दोघी पुन्हा एकत्र पळालो नाही. माझं आता चालणंच होतं, तेही सपाटीवर. मी कुणाला दोष देत नाही, आणि त्या काळाची आठवण आली की मला पहिल्यांदा ते दुकान आठवतही नाही. मला सविताला शिकवलं ती सकाळ आठवते.

स्टेडियमचं मैदान होतं. उजाडलं होतं, आणि खो-खोच्या मुली एका कोपऱ्यात आखणी करत होत्या. पद्मजा कडेला कठड्याला टेकून उभी होती. मी सविताला दोरी कशी धरायची, हात कसा सैल ठेवायचा, कधी काय बोलायचं ते सांगत होते. सविता मान डोलवत होती. पद्मजा थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "बाई, असं नुसतं सांगून नाही कळायचं. तुम्ही डोळे बांधा आणि तिच्याबरोबर पळा. ती काय विसरते ते तुम्हाला कळेल."

तीन वर्षं मी तिला धरून पळाले, पण हे मी कधी केलं नव्हतं. ते माझ्या मनातही आलं नव्हतं. सविताने तिची ओढणी चार घड्या घालून माझ्या डोळ्यांवर बांधली. मी दोरीचा फास हातात घेतला.

पहिली अर्धी फेरी मी पळालेच नाही, पाय चाचपत राहिले. जमीन दर पावलाला थोडी खाली आहे असं वाटायचं. मुलींच्या आवाजावरून त्या समोर आहेत की बाजूला ते कळेना. मी सविताला दोनदा विचारलं, समोर काही नाही ना? ती म्हणाली, काही नाही बाई, मोकळं आहे. पोरीचा आवाज शांत होता. तिचा हात माझ्या हाताबरोबर मागेपुढे होत होता. दुसऱ्या फेरीला माझे खांदे सैल पडले. गुडघा दुखत होता, पण पाय आपसूक पडायला लागले. मी कान तिच्याकडे ठेवले होते आणि बाकी सगळं सोडून दिलं होतं. तसं पळणं मला ठाऊकच नव्हतं. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

तिसऱ्या फेरीच्या मध्यावर सविता म्हणाली, "बाई, एक किलोमीटर. आठ मिनिटं अठरा."

मी म्हटलं, बरं.

पाच-सात पावलं गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी तो आकडा तसाच घेतला होता. खरा का, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. माझ्याजवळ ताडून पाहायला काही नव्हतं, आणि ताडून पाहावं असं वाटलंही नव्हतं. सविता म्हणाली, आठ अठरा, की ते आठ अठरा.

ओढणीच्या आत डोळे ओले झाले. बाहेरून ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. मी थांबले नाही. पद्मजा कुठल्या बाजूला उभी आहे हे मला आता सांगता आलं नसतं.

"वळण येतंय," सविता म्हणाली. "डावीकडे."

मी वळले.